रिकामा तळवा

गिरणीतले माग दुरुस्त करणाऱ्या फिटरनं तंबाखू आणि मी, तिथल्या कारकुनानं, बिडी एकाच दिवशी सोडली. रोज सकाळी फाटकापाशी तपासणी व्हायची. तो तोंड उघडून दाखवायचा, मग माझी बोटं हुंगायचा. “झ्याक! कालचा दिस जिंकला की सायेब!”

पण बोलताना त्याचा अंगठा डाव्या तळव्यावर सारखा मळत असायचा. मला संशय यायचा. एकदा मी त्याची मूठ जबरदस्तीनं उघडली. तळवा रिकामा होता.

“अंगठ्याला अजून कळंना हो,” तो ओशाळून हसला. “तुमच्या जोडीनं टिकलोय बगा.”

त्या दिवशी त्यानं माझी बोटं हुंगलीच नाहीत. हुंगली असती तरी साबणाचाच वास आला असता. बिडी ओढून झाली की मी बोटं रोज घासून यायचो.