ठसका लागला की खाली बघा

"तुमच्या मिस्टरांना अ‍ॅस्पिरेशन न्यूमोनिया झालाय," डॉक्टर म्हणाले. "खाल्लेलं-प्यायलेलं अन्ननलिकेत न जाता श्वासनलिकेतून फुफ्फुसात उतरतंय." मी पिंपरीतल्या हॉस्पिटलात आयसीयूच्या दारात डबा घेऊन उभी होते. डब्यात मऊ भात आणि पातळ आमटी होती. ती आमटीच यांचा घात करतेय असं कुणी म्हटलं असतं, तर मी त्याच्याशी भांडले असते.

यांना पार्किन्सन्स होऊन सहा वर्षं झाली होती. हात थरथरतात, चाल अडखळते, एवढाच तो आजार असं आम्ही धरून चाललो होतो. गिळायलाही स्नायू लागतात आणि तेही मंदावतात, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये यांनी तीस वर्षं ग्राइंडिंग मशीन चालवलं. त्यामुळे खोकला सुरू झाला तेव्हा घरातल्या सगळ्यांनी तो धुळीच्या माथी मारला. दीड वर्ष मी मेडिकलमधून खोकल्याचं औषध आणत राहिले. खोकला यायचा तो जेवताना आणि चहा पिताना. धूळ काय ताटात वाढलेली असते का, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही.

ठसका लागला की आपल्याकडे काय करतात ते तुम्हाला सांगायला नको. डोक्यावर थापट्या मारायच्या, 'वर बघा, वर बघा' म्हणायचं आणि पाण्याचा पेला तोंडाला लावायचा. कुणीतरी आठवण काढली म्हणून हसायचंही. वर्कशॉपमधल्या मंडळींना तुमच्याशिवाय करमत नाही वाटतं, असं मी यांना चिडवायचे. हे मान वर करून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकायचे आणि खोकता खोकता हसायचे.

वॉर्डात आल्यावर आठव्या दिवशी स्पीच थेरपिस्ट आल्या. बोलायला शिकवणारीचं इथं काय काम, असं मला वाटलं. गिळण्याचा इलाजही त्याच करतात, हे तेव्हा कळलं. त्यांनी व्हिडिओफ्लुरोस्कोपी केली, म्हणजे गिळतानाचा हलता एक्स-रे. पाण्यात बेरियम नावाचं पांढरं औषध मिसळून चमच्याने देतात आणि ते कुठं जातं ते पडद्यावर दिसतं. मला काचेपलीकडून दाखवलं. पहिला चमचा सरळ श्वासनलिकेत गेला आणि यांना साधा खोकलाही आला नाही. दुसऱ्या चमच्याला यांना ठसका लागला, तसं काचेआडून माझ्या तोंडून आपोआप निघालं, 'वर बघा!'

मॅडम बाहेर आल्या. "काकू, मान वर केली की श्वासनलिकेची वाट आणखी मोकळी होते. यांना हनुवटी छातीकडे घ्यायला सांगा. आणि ठसक्यावर पाणी अजिबात नाही."

मग यांना मान खाली घालायला सांगून तेच पाणी एक पावडर घालून घट्ट करून दिलं. ते नीट उतरलं. मी बाहेर बाकावर बसून रडले. दीड वर्ष मी माझ्याच हातानं यांच्या फुफ्फुसात पाणी ओतत होते. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, असं मॅडम म्हणाल्या. खरं होतं, पण त्यानं मला काही बरं वाटलं नाही.

तुमच्या घरात पार्किन्सन्सचं माणूस असेल तर जेवतानाच्या खोकल्याला सिरप पाजत बसू नका, गिळणं तपासून घ्या. हनुवटी खाली घेणं सगळ्यांनाच लागू पडतं असं नाही, म्हणून तपासणी हवीच. आमच्याकडे आता पार्किन्सन्सच्या गोळीचा गुण आल्यावरच जेवण होतं. टीव्ही बंद असतो, घास छोटा असतो. पोहे बंद केले, कारण ते घशात विखुरतात. घास गिळल्यावर 'आ' म्हणायला लावते. आवाज ओला, घोगरा आला तर घशात काही उरलंय असं समजून पुढचा घास थांबवते. जेवणानंतर अर्धा तास ताठ बसवते आणि तोंड स्वच्छ करते. चहासुद्धा तीच पावडर घालून घट्ट करावा लागतो. पहिल्याच चमच्याला हे म्हणाले, "हे तर ग्रीस हाय."

एवढं करूनही चार महिन्यांनी पुन्हा न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी पेग ट्यूबचं सुचवलं, म्हणजे पोटाला छोटं भोक पाडून त्यातून थेट जठरात अन्न द्यायची नळी. लाळ तरीही फुफ्फुसात जाऊ शकते, खात्री देता येत नाही, असंही ते म्हणाले. मी आणि मुलगा सही करायला तयार होतो. हे मात्र बारीक आवाजात म्हणाले, "नळी न्हाई. तोंडानं जाईल तेवढं जाईल."

मला भयंकर राग आला. अशानं मराल, असं मी तोंडावर म्हणाले.

"व्हय," हे म्हणाले.

दोन दिवस मी यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं, नळी नको. घरी आणलं.

आता एका वाटीला तास लागतो. आधी खोकल्याचा वैताग यायचा, आता जेवताना फार वेळ शांतता राहिली की पडद्यावरचा तो बिनखोकल्याचा पहिला चमचा आठवतो. पुढचा न्यूमोनिया बहुधा माझ्याच हातातल्या चमच्यातून येणार, हे मला माहीत आहे. यांनाही माहीत आहे. मी चमचा पुढे करते. हे माझ्याकडे बघतात आणि तोंड उघडतात.