पाण्याला नाही म्हणायचं नसतं

ओब्दुलियाच्या गावात पाण्याला कुणी नाही म्हणत नाही. टँकर येईल तेव्हा येईल. त्यामुळे कुणी तांब्याभर पाणी दिलं, की ते दोन्ही हातांनी घ्यायचं आणि देव तुझं भलं करो म्हणायचं. मेक्सिकोतल्या सोनोराच्या वाळवंटात तेवढा एकच दानधर्म सगळ्यांना परवडतो.

तिचा नवरा नाबोर उभ्या जन्मात कधी गप्प बसला नव्हता, गाढवांशीसुद्धा गप्पा मारायचा. अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दिवसभर खिडकीकडे तोंड करून पडून राहायचा, आणि खिडकीबाहेर बघण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं. म्हणून ओब्दुलियाने डोंगरातून रानफुलाचं बी आणलं, खिडकीसमोरच्या खडीत पेरलं आणि त्याच्याकडे चक्क दुर्लक्ष केलं. या झाडाचे लाड करायचे नसतात, हे तिला आईने शिकवलेलं. गेल्या वसंतात उंच दांड्यांवर लाल फुलांचे कर्णे लटकले आणि चुपारोसा आला, अंगठ्याएवढा हमिंगबर्ड. हवेत उभ्याउभ्या मध प्यायला लागला. नाबोर हसला. अर्ध्याच तोंडाने, पण हसला. त्या हसण्यावर बिचारीने वर्ष काढलं.

यंदा पुन्हा कळ्या धरल्या, आणि शेजारणींना दया आली.

"अगं बाई, किती वाळलंय हे!" नाबोरने जिच्या लेकीला बाप्तिस्म्याला उचलून धरलं होतं, आणि त्या नात्याने जी ओब्दुलियाची कोमाद्रे लागायची, ती त्रिनी भांडी विसळलेलं पाणी घेऊनच आली. "आमच्या नाबोरचं झाड, आणि असं तहानलेलं?"

"ते तसंच असतं गं, कोमाद्रे. पाणी नको त्याला, मुळं कुजतात."

"ऐका हिचं! पाणी नको म्हणे! उद्या म्हणशील, नवऱ्याला जेवण नको."

बाकीच्या खिदळल्या, आणि आपापली भांडी घेऊन आल्या. ओब्दुलियाने झाडाभोवती निवडुंगाचे काटे रचले. त्रिनीने ते बाजूला सारून वर छान आळं करून दिलं. अति तेथे माती, पण सांगणार कुणाला? रोज सकाळी नाबोरची कूस बदलायला याच बायका येत. एकटीला तो धिप्पाड देह हलवत नसे. त्यांना दुखवलं असतं, तर त्याच्या पाठीला जखमा झाल्या असत्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात ती रोज म्हणायची, देव तुमचं भलं करो.

पानं पिवळी पडली. कळ्या उमलायच्या आधीच दांडे कलले.

एका सकाळी चुपारोसा आला. खिडकीशी हवेत थांबला, इकडे सरकला, तिकडे सरकला, आणि निघून गेला. नाबोर त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. मग झाडाकडे. मग उशाशी ठेवलेला त्याच्या पिण्याच्या पाण्याचा पेला त्याने डाव्या हाताने तिच्याकडे ढकलला आणि खिडकीकडे मान केली.

"उं," तो म्हणाला. झटक्यानंतर त्याने पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

"नको रे राजा. तू पी."

त्याने पेला पुन्हा ढकलला. डोळे भरले होते.

ओब्दुलियाने पेला दोन्ही हातांनी घेतला. बाहेर गेली, त्याला नीट दिसेल अशी उभी राहिली, आणि सगळं पाणी मुळाशी ओतलं.