फोटोसाठी पावडर

टाल्कम पावडरचा वास आला की मला बिबवेवाडीतल्या आमच्या शेजारच्या काकू आठवतात. अंथरुणाला खिळलेल्या काकूंना आपलं दोन खोल्यांचं घर त्यांचं सगळं करणाऱ्या भाचीला बक्षीसपत्राने द्यायचं होतं. त्यासाठी नोंदणीचे साहेब घरी येऊन फोटो आणि अंगठा घेणार होते, पण दोन कार्यालयांना मिळून साहेब एकच, त्यामुळे "येऊ कधीही, तयार ठेवा" एवढंच उत्तर मिळायचं. म्हणून भाची रोज सकाळी मावशीला पुसून, पावडर लावून, ठेवणीतली साडी नेसवून उशांना टेकवून बसवायची आणि संध्याकाळी सगळं उतरवायची. अख्खा उन्हाळा असा गेला. साहेब आले त्या दिवशीही ती पावडरच लावत होती. "अहो, उठवून बसवा, फोटो घ्यायचाय," कारकून दारातूनच म्हणाला. "पहाटे गेल्या त्या," मी सांगितलं. "मग फोन करायचा ना! फुकट हेलपाटा," म्हणत त्याने कॅमेरा पिशवीत घातला. इतकी वर्षं न फिरकलेला काकूंचा मुलगा लगेच पुढे झाला. "साहेब, आलाच आहात तर चहा घेऊन जा," आणि भाचीला म्हणाला, "ठेव गं." घरात मयत असताना कुणी गॅस पेटवत नाही, तिने पेटवला. आता त्या घरात त्याचे भाडेकरू राहतात, आणि भाची हडपसरला दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या सांभाळते. परवा मंडईत भेटली, तर तिच्या हातांना तोच वास होता.