पैलवान खाली का उतरत होता

आमच्या घरात कुणाचं काही दुखलं, बिनसलं, कुणी नुसतं रुसून बसलं, तरी आबांकडं औषध एकच असायचं. खुराक. मला ताप आला की दुधात खारीक, आईची पाठ धरली की डिंकाचा लाडू, वखारीतल्या कुत्र्यानं तोंड फिरवलं की त्याला अंडी. आबा म्हणजे माझे वडील. तरुणपणी ते तालमीत होते. गुडघा गेला तेव्हा कुस्ती सुटली, पण डोक्यातली तालीम काही सुटली नाही. पुढं त्यांनी उचगावात लाकडाची वखार घातली, तर तिथंही ओंडका आधी मिठीत घेऊन जोखायचे आणि मग काट्यावर टाकायचे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला, मी अकरावीत असताना, श्रावणात बाभळीच्या फांद्यांची एक गाडी वखारीत उतरली. एका फांदीवर बोटाएवढं हिरवंगार पान दिसत होतं. बाभळीला एवढं मोठं पान कुठलं, म्हणून आबा वाकले, तर त्या पानानं एक डोळा फिरवून त्यांच्याकडं बघितलं. तो घोयरा होता. रंग बदलणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा, झुलत झुलत चालणारा सरडा. आबांनी फांदी तेवढी तोडली आणि पिल्लासकट घरी आणली.

आईनं उंबऱ्यातच ओरडायला सुरुवात केली. "इखारी असतंय ते! ह्याची फुंकर लागली तर माणूस सुजतंय म्हणं. आधी भाईर न्या!"

"एवढ्याशा जिवाची कसली फुंकर?" आबा म्हणाले. "रानात टाकलं तर मांजर खाईल की त्येला."

असा प्राणी घरात ठेवणं गुन्हा असतो हे आमच्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं, आम्हाला तर नव्हतंच. आबांनी घराच्या पुढच्या सोप्याला बारीक जाळी मारून घेतली. गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून त्यात बाभळीची चांगली जाड फांदी उभी केली. सिमेंट कशाला, दगडमाती भरा की, असं आई म्हणाली होती. पण आबांचं म्हणणं, खांब हलला तर पैलवान पडेल. पहिल्या दिवसापासून त्याचं नाव पैलवान पडलं. का, तर तो फांदीवर पाय रोवून मागंपुढं झुलायचा, आणि आबांच्या मते ती सलामी होती.

आबा रोज उसाच्या बांधावरनं नाकतोडे पकडून आणायचे. एरवी भाजीची पिशवी धरायला लाजणारा माणूस, पण प्लास्टिकच्या बरणीत नाकतोडे घेऊन भर रस्त्यानं यायचा. पैलवान जीभ फेकून नाकतोडा उचलायचा तेव्हा आबा मांडीवर थाप मारायचे. आईसुद्धा हळूहळू निवळली. दुपारी कुणी नसलं की स्वयंपाकघरातलं झुरळ मारून, चिमट्यात धरून, तोंड दुसरीकडं करून त्याच्यापुढं करायची. आणि आम्हाला सांगायची, मी कशाला जातेय त्याच्याजवळ.

आम्ही त्याला वाचायला शिकलो होतो. सकाळी तो काळपट असायचा आणि अंग चपटं करून उन्हाला बाजू द्यायचा. ऊन अंगात भिनलं की हिरवा व्हायचा. झोपला की फिकट, पिवळसर. कुत्रं जाळीपाशी आलं की अंगावर ठिपके. पहिल्यांदा कात टाकायला लागला तेव्हा आम्ही घाबरलो होतो. पांढरी सालपटं लोंबायला लागली, त्यानं दोन दिवस काही खाल्लं नाही, आणि मग एकदम नवाकोरा होऊन नाकतोड्यावर तुटून पडला. तेव्हापासून आबांचा आत्मविश्वास वाढला. येणाऱ्याजाणाऱ्याला बसवून ते सांगायचे, "जनावर बोलत न्हाय, पण बघणाऱ्याला सगळं कळतंय." मलाही तसंच वाटायचं. आमच्या घरात एका प्राण्याची भाषा समजते याचा मला कॉलेजात तोरा होता.

वर्ष उलटलं. पैलवान वीतभर झाला. गणपती झाले आणि त्याचं वागणं बदलायला लागलं.

आधी त्याचा राग वाढला. ज्या आबांच्या मनगटावर चढून तो तास तास बसायचा, त्यांचा हात जवळ गेला की आता तोंड फाकायचा, फुसफुसायचा, अंग फुगवून काळा पडायचा. आबांना वाईट वाटलं असतं तर बरं झालं असतं. पण ते खूश झाले. तालमीत पोरगं वयात आलं की असंच अंगावर येतं, असं त्यांचं म्हणणं. "रग आलीया गड्याला," ते म्हणाले. "आता खरा पैलवान झाला!"

मग त्याचं पोट भरायला लागलं. दोन्ही बाजूंनी गोलाई आली. आबांनी तालमीतले जुने गडी घरी बोलावले. पाच-सहा थोराड माणसं आमच्या सोप्यात दाटीवाटीनं उभी राहून एका सरड्याचं अंग बघत होती, हे चित्र मी कधी विसरणार नाही. एकजण म्हणाला, "अंग धरलंय की हो!" आबांनी बरणीतले नाकतोडे दाखवले आणि खुराकाचं सगळं वेळापत्रक सांगितलं. चहा नेताना मला हसू आवरत नव्हतं.

दसऱ्याच्या सुमाराला पैलवानानं खाणं सोडलं. आधी आम्ही म्हटलं, कात टाकायची असेल. पण कात काही निघेना. आबांनी बदाम उगाळून थंडाई केली आणि डोळ्यात औषध घालायच्या नळीनं त्याच्या तोंडात एक थेंब सोडला. त्यानं तो बाहेर काढला. आई म्हणाली, "त्येला बी आता जोर-बैठका काढायला लावा, मंग पचंल."

आणि तो खाली उतरायला लागला.

घोयरा कधी आपणहून जमिनीवर येत नाही, निदान आमचा तरी आला नव्हता. आता तो फांदीवरनं सावकाश खाली यायचा, डब्यात उतरायचा आणि पुढच्या पायांनी सिमेंट खरवडायचा. मग फरशीवर. सोप्याला सगळी शहाबादी फरशी होती. तो भिंतीच्या कडेकडेनं फिरायचा, कोपऱ्यात थांबायचा, खरवडायचा, पुढच्या कोपऱ्यात जायचा. त्याच्या नखांचा तो आवाज घरभर यायचा. आई म्हणायची, "सरड्याची धाव कुंपणापतोर म्हणत्यात, ह्येला कुंपण बी गावंना झालंय." पळून जायचं असेल, असं तिला वाटत होतं. मला वाटत होतं की त्याला एकटं वाटतंय. अकरावी-बारावीच्या वयात मला सगळ्यांनाच एकटं वाटतंय असं वाटायचं.

आबांना मात्र त्याचं खाली उतरणं बघवत नव्हतं. त्यांच्या तालमीत वस्तादांचा एक दंडक होता. दम लागला म्हणून कुणी मातीत बसायचं नाही. बसला तो संपला. हातावर रेलून का होईना, उभं राहायचं. आबांचा गुडघा गेला त्या दिवशी ते आखाड्यात खाली बसले होते आणि पुन्हा कुस्तीसाठी उठले नाहीत. ती गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली होती. त्यामुळं पैलवान फरशीवर दिसला की ते हातातलं काम टाकून यायचे, त्याला अलगद उचलायचे आणि फांदीच्या शेंड्याला नेऊन ठेवायचे. "ऊठ, लेका. खाली बसायचं न्हाय." तो पुन्हा उतरायचा. ते पुन्हा उचलायचे. फुसफुसायचा, चावायलाही बघायचा, पण आबा चिडले नाहीत. इतक्या मायेनं त्यांनी मलाही कधी उचललं नसेल.

मग एका सकाळी त्यानं उतरणंच बंद केलं. फांदीच्या मध्यावर डोळे मिटून बसून राहिला. दिवसा डोळे मिटलेला घोयरा आम्ही कधी बघितला नव्हता. ऊन आलं तरी तो हिरवा झाला नाही.

आई झाडायला गेली आणि तिनं मला हाक मारली. फांदीखाली फरशीवर दोन पांढरी अंडी पडली होती. शेंगदाण्याच्या आकाराची, एक फुटलेलं. आईनं केरसुणी बाजूला ठेवली आणि वाकून बघितलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "ही तर पोटुशी हाय."

आबा वखारीतनं धावत आले. त्यांनी तिला तळहातावर घेतलं. तिनं तोंड फाकलं नाही. पोटावरनं अंगठा फिरवला तेव्हा आत अंडी हाताला लागत होती, द्राक्षाच्या घडासारखी. आई बोलत सुटली. कुठली बी मादी वाट्टेल तिथं अंडी घालंल व्हय, जागा नको का, आडोसा नको का, म्हणून तर खरवडत होती ती, आन् तुमी आपलं वर ठेवताय, वर ठेवताय. मग तिच्या लक्षात आलं की आबांचा चेहरा पडलाय, आणि ती गप्प झाली.

आबांनी घमेलं उचललं, सायकल काढली आणि तालमीत गेले. आखाड्याची तांबडी माती सगळ्या गावाला ठाऊक असते. चाळून, ताक, तेल, हळद घालून, रोज खोऱ्यानं उकरून मऊ केलेली. आबांनी आयुष्यातली दहा-बारा वर्षं त्या मातीत काढली होती, अजूनही सणाला तिच्या पाया पडायला जायचे. ती माती घमेलंभर घेऊन ते आले, सोप्यात ओतली, हातानं भुसभुशीत केली आणि तिला त्यावर ठेवलं. तिनं पुढचे पाय मातीत घातले. दोनदा ओढले. मातीत बोटभर खळगा पडला. मग ती तशीच थांबली.

बैल गेला आणि झोपा केला, अशी गत झाली. गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी बघून मान हलवली. सरड्याचं आपल्याला काही कळत नाही, असं ते सरळ सांगून गेले. दुपारी ती गेली. मरताना तिचा रंग पुन्हा हिरवा झाला, नुसता हिरवा नाही, श्रावणात आली होती तसा पोपटी. आईनं पदर तोंडाला लावला. परसात शेवग्याखाली आबांनी खड्डा खणला आणि सगळी तांबडी माती तिच्याबरोबर आत घातली.

पुढं बीएस्सीला गेल्यावर मी आमच्या प्राणिशास्त्राच्या मॅडमना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की एकट्या ठेवलेल्या मादीलासुद्धा वयात आल्यावर अंडी होऊ शकतात. तिला खोल, ओलसर माती लागते. ती मिळाली नाही तर काही माद्या अंडी धरूनच ठेवतात आणि त्यातच मरतात. राग, फुगलेलं पोट, खाणं सोडणं, खाली उतरून खरवडणं, मी एकेक लक्षण सांगत गेले आणि त्या मान डोलवत गेल्या. ती सगळं सांगत होती. आम्ही बघणारे होतो आणि आम्हाला काहीच कळलं नव्हतं.

घरी येऊन मी जेवताना हे बोलले. आबांनी घास ताटात ठेवला. "म्हंजे माती दिली असती तर जगली असती?"

"जगली असती की," आई म्हणाली. तिला वाकडं बोलायचं नव्हतं, तिची बोलायची पद्धतच तशी.

आबा हात धुवायला उठले. त्यानंतर जनावराची भाषा बघणाऱ्याला कळते, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नाही. सोप्याची जाळी त्यांनी काढून टाकली. सिमेंटचा डबा मात्र हलवायला फार जड होता, तो तिथंच राहिला. मला तो दिसला की वाईट वाटायचं, पण त्यांना काय वाटत असेल ते विचारायचा धीर झाला नाही.

माझं लग्न जयसिंगपूरला झालं. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले ते दोन हजार सालानंतरचं. शेवटचा महिना होता. मी सगळ्यांवर खेकसत होते. आईनं केलेलं ताट तसंच राहायचं. पलंगावर अंग टेकलं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून मी उठायचे आणि सोप्यात जाऊन भिंतीला टेकून फरशीवर बसायचे. आई मागोमाग यायची. खाली गार लागंल, वर बस, लोक काय म्हणतील, असं म्हणत दंडाला धरून उठवायची. मी पलंगावर जायचे आणि ती स्वयंपाकघरात गेली की पुन्हा खाली.

त्या दिवशी ती मला तिसऱ्यांदा उठवायला आली तेव्हा आबा खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर बाजूला ठेवला. मग भिंतीला हात लावत, दुखरा पाय सरळ पसरून, ते खाली बसले. माझ्या शेजारी, फरशीवर. मी जन्मल्यापासून त्यांना जमिनीवर बसलेलं बघितलं नव्हतं. ते जेवायलाही पाटावर बसत नसत.

"काय पायजे तुला, सांग," ते म्हणाले. "मला बघून कळत न्हाय."

मी म्हटलं, "काही नको आबा. गार फरशीला पाठ टेकली की बरं वाटतंय, एवढंच."

त्यांनी मान हलवली आणि आईकडं बघितलं. ती अजून माझा दंड धरून उभी होती.

"सोड तिला," आबा म्हणाले. "तिला कुणी उचलायचं न्हाय."