रंगूनच्या तांदळाचं जेवण

पहिल्या महायुद्धाची लढाई संपली तरी भाव काही उतरले नाहीत. कापड महागलं, शाळेत घालायला धड कपडे उरले नाहीत आणि माझी शाळा दुसरीतच सुटली. कळंबला आमची भातशेती होती, पण घरचा तांदूळ नेरळला विकून वडील शेतसारा भरत आणि आम्ही स्वस्त, कुबट वासाचा रंगूनचा तांदूळ शिजवत असू. शेजारपाजारीही हे आम्ही कळू दिलं नव्हतं.

त्यातच खालापूरकडची माणसं मला बघायला आली. वडील हळूच आईला म्हणाले, "घरचा सरला म्हनून सांग आन शेजारून शेरभर बरा तांदूळ आन."

"आज आनंन. पन सोयरे झाल्यावर दरयेळी कुठून आनू?" आई म्हणाली आणि तिनं रंगूनचाच तांदूळ चुलीवर चढवला.

पानं वाढली. भाताचा कुबट वास सुटला तशी मी दाराआड सरकले. आता सोयरीक मोडते, असंच वाटलं. आई मात्र पातेलं हातात घेऊन सरळ म्हणाली, "तांदूळ रंगूनचा हाय. घरचा इकला."

मुलाची आई हसतच सुटली. "बरं झालं बोललीस गं बाई! आमच्याकडं पन ह्योच शिजतो. कळंबला तरी घरचा भात मिळंल म्हनून हे सकाळपास्नं उपाशी हायत!"

सगळे हसले. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी तोच भात पुन्हा मागून घेतला आणि हात धुण्याआधीच लग्न ठरलं.

पुढे नवऱ्याच्या नोकरीपायी मी इतक्या लांब नागपूरला आले. पाहुणे येणार म्हटलं की आजही मी आधी तांदळाचा डबा उघडून बघते. मग आई आठवते, आणि घरात जे असेल ते मी नाव सांगून वाढते.