तीन पिल्लं आणि एक शिट्टी

आमच्या घरी कुत्रा नाही. आम्ही फक्त दुसऱ्यांची कुत्री वाढवून देतो.

झालं असं, की माझा नवरा मंदार आणि लेक इरा अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावच्या ॲनिमल शेल्टरमधून तीन पिल्लं घेऊन आले. (मी त्यांना दूध आणायला पाठवलं होतं!) पिल्लांना कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायचं, माणसांची आणि आवाजांची सवय लावायची, एवढंच काम. मंदार आयटीतला, त्यामुळे नावं पडली बग, पॅच आणि रिलीज.

"आवाजाला घाबरता कामा नयेत हं," शेल्टरच्या लिंडाबाईंनी बजावलं. "घरात थोडा गोंगाट असू द्या."

हे काय आम्हाला सांगायला हवं? मिक्सर, व्हॅक्युम, नागपूरहून येणारा माझ्या आईचा स्पीकरवरचा फोन, सगळ्याला पिल्लं सरावली. अडलं ते कुकरपाशी! पहिली शिट्टी झाली आणि तिघं सोफ्याखाली. बगने तर तिथेच शू केली.

मग मी डोकं लढवलं. (तिथेच चुकलं.) शिट्टी झाली रे झाली की तोंडात चिकनचा तुकडा. हळूहळू असा काही फरक पडला म्हणता! शिट्टी वाजायचा अवकाश, तिघं धडपडत ओट्यापाशी हजर. मी लिंडाबाईंना व्हिडिओ पाठवला, त्यांनी उलट लाल बदाम पाठवला. झालं, मी स्वतःला श्वानतज्ज्ञ समजायला लागले.

एका शनिवारी मिसेस मिलर नावाच्या रिटायर्ड शिक्षिका पिल्लं बघायला येणार होत्या. एकट्याच राहायच्या. "मला शांत कुत्रं हवंय," त्या फोनवर म्हणाल्या. "बाहेर कसं वागतं ते बघू, पार्कातच भेटू या."

इराने सकाळीच रिलीजला मिठी मारून रडून घेतलं. "मॉम, व्हॉट इफ शी सेज नो?"

"नो कशी म्हणेल? ट्रेनिंग कुणी दिलंय!"

पार्कात पिल्लं इतकी शहाण्यासारखी बसली, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. "किती शांत आहेत!" मिसेस मिलर म्हणाल्या. मी विनयाने मान झुकवली, आणि पलीकडच्या मैदानावर मुलींच्या सॉकर मॅचच्या रेफरीने शिट्टी मारली.

तिन्ही पट्टे माझ्या हातातून सुटले!

रेफरी म्हणजे पांढऱ्या मिशांचे गंभीर गृहस्थ. पिल्लं थेट त्यांच्या पायाशी जाऊन बसली आणि आशेने वर बघायला लागली. त्यांना हाकलायला म्हणून त्यांनी आणखी जोरात शिट्टी मारली. आता पिल्लं त्यांच्या अंगावरच चढायला लागली!

"शिट्टी नका हो मारू!" मी ओरडत मैदानात घुसले. (मराठीत!) एक बाई हातवारे करत अंगावर येतेय म्हटल्यावर त्यांनी माझ्यासाठीही एक मारली. पॅचने त्यांचा मोजा ओढायला घेतला. खेळाडू मुली बॉल सोडून "पपीज! पपीज!" करत धावल्या.

"अगं, बगला पकड!" म्हणत मंदार धावला आणि पॅचच्या पट्ट्यात पाय अडकून आडवा झाला. मी बगवर झेप घेतली. तो निसटला, आणि ओल्या गवतावरून घसरत मी सरळ गोलमध्ये!

"मॉम, एव्हरीबडी इज लुकिंग!" इरा किंचाळली. पण डोकं तिनेच वापरलं. माझ्या पर्समधला चिकनचा डबा काढून तिने नुसता उघडला, आणि तिन्ही चोर तिच्यापुढे गोळा.

चिखलाने माखलेला कुर्ता सावरत मी मिसेस मिलरपुढे उभी राहिले. त्या डोळे पुसत होत्या. रडवलं की काय मी यांना? नीट बघते तर हसून हसून पाणी आलेलं!

"मी शिट्टी मारली तरी माझ्या वर्गातलं एक पोर यायचं नाही," त्या म्हणाल्या आणि रिलीजला उचलून घेतलं. "शांत राहून काय करायचंय मला? घर आधीच फार शांत आहे."

इरा रडत रडत हसली. "झाली एकदाची रिलीज!" मंदार लंगडत म्हणाला.

तेवढ्यात रेफरी माझ्याकडे आले. मी 'सॉरी, सॉरी' म्हणतेय, तर त्यांनी चेहऱ्यावरची रेष न हलवता खिशातून एक कार्ड काढलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. इतकी वर्षं ग्रीन कार्डाची वाट बघतेय. अमेरिकेने शेवटी दिलं एक कार्ड, तेही पिवळं!