छतावरचा पाइप झेंड्यासाठी नव्हता

अन्याय माझ्या सख्ख्या मावशीवर झाला. रविवारी, दिवेलागणीला, शहरातल्या छावणी भागात, आमच्या मंडळाच्या खोलीत, तिच्या गैरहजेरीत. फर्दापूरला ती ज्या ट्रेलरात रांधते, त्या ट्रेलरावर बहिष्काराचा ठराव हात वर करून मंजूर झाला. कारण दिलं ते असं: तिनं झेंडा काढला. काढला, हे खरं. पण गोष्ट झेंड्यापासून सुरू होत नाही. सिंकपासून होते.

ट्रेलर म्हणजे जीपमागं जोडून ओढायची चाकावरची खोली. एका सहलीवाल्यानं विकायला काढली होती. आत ओटा, गॅस, सिंक, सगळं बसवलेलं. सिंकचं पाणी खालच्या बंद टाकीत उतरतं. टाकी भरली की लांब नेऊन रिकामी करायची. मावशीनं ती घेतली आणि अजिंठ्याला जाणाऱ्या गाड्या थांबतात तिथं, एका हॉटेलवाल्याच्या प्लॉटवर उभी केली. पिठलं, भाकरी, ठेचा. लेणी बघायला बस करून येणारे आपलेच लोक, तेच तिचं गिऱ्हाईक.

उद्घाटनाला मंडळ आलं. ट्रेलराच्या छतावर दीडेक इंचाचा एक पाइप उभा होता, वरून उघडा. अध्यक्षांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "बघा, झेंड्याची सोय कारागिरानं आधीच करून ठेवलीय. विचाराचा माणूस दिसतो."

बांबू आत घातला. हलत होता म्हणून भोवती चिंध्या कोंबल्या, वरून पुट्टी लावली. निळा झेंडा फडकला. घोषणा दिल्या. सगळ्यात मोठा आवाज माझा होता, ते माझं कामच आहे.

आठवडा झाला नसेल, सिंकमधलं पाणी उतरेना. नुसतं उभं राहायचं. मग अजीर्ण झालेल्या म्हाताऱ्याच्या पोटासारखं गुडगुडायचं, आणि प्रत्येक गुडगुडीबरोबर टाकीतला वास वर यायचा. टूरवाल्या गाडीचा एक ड्रायव्हर ताट ठेवून उठला. "खाला, खाना तो भोत अच्छा है, पन नाक पकड के कैसा खाना?"

मग प्लॉटचा मालक आला. "मावशी, दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आत हा वास गेला पाहिजे. नायतर गाडी हलवा. तुमच्या लोकांचं म्हणजे..." तो तिथंच थांबला. सगळे तिथंच थांबतात. पुढचं आमच्या घरातल्या लेकरालाही पाठ असतं.

मंडळाची तातडीची बैठक झाली. पत्रक मी लिहिलं: 'वासाचा आरोप हा जातीचा आरोप.' त्यातला एकही शब्द मी मागं घेत नाही. अडचण एवढीच होती की वास खरंच येत होता. मंडळाची भूमिका मात्र ठरली: वास नाही. कार्यकर्ते ट्रेलराशेजारी बसून तोंडानं श्वास घेत जेवायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, कसला वास?

मावशी म्हणाली, "पत्रक लई भारी लिहिलंस. आता नाकाला वाचून दाखव."

मी शहरात औरंगपुऱ्याच्या बाजारात गेलो. मोरी साफ करायची पावडर आणली, तारेची स्प्रिंग आणली, रबरी पंप आणला. पंप मारला तर टाकीतलं पाणी माझ्याच शर्टावर आलं. सिंकखालचा वाकडा पाइप बदलला. गुडगुड कायम. शेवटी वाळूजला ज्याच्या वर्कशॉपात ट्रेलर बनला होता, त्याला फोन लावला.

तो म्हणाला, "छतावरचा पाइप मोकळा आहे ना? तो हवेचा. बंद टाकीत पाणी उतरायचं तर आतली हवा वर निघाली पाहिजे. तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडता ना, तसं. तो बुजला तर हवा सिंकमधूनच वर येणार."

मला बांबू आठवला, चिंध्या आठवल्या, वरची पुट्टी आठवली. तो म्हणाला, "हॅलो? त्याच्यात पक्ष्यानं घरटं केलंय का?"

मी म्हणालो, "नाही. मंडळानं."

पुन्हा बैठक. मला वाटलं होतं, बांबू काढा म्हणायचं आणि उठायचं. पण एकदा चढवलेला झेंडा उतरवायचा म्हणजे काय, यावर भाषणं सुरू झाली. एक म्हणाला, आत्ता उतरवला तर मालकापुढं वाकलो असं दिसेल. दुसरा म्हणाला, जयंतीला नवा चढवतो तेव्हाच जुना उतरतो, ही रीत आहे. तिसऱ्यानं उपाय सुचवला: बांबू आतून पोकळ करायचा, म्हणजे झेंडाही राहील आणि हवाही जाईल. टाळ्या पडल्या. पोकळ काठीसाठी उपसमिती नेमली. तोवर मावशीनं भांडी धुऊ नयेत, पत्रावळी वापराव्यात, असं ठरलं.

मावशी दाराशी उभी होती. "आन् पातेली कशात धुऊ? तुमच्या ठरावात?"

उपसमिती काठी शोधत राहिली. सुट्ट्या तोंडावर आल्या. त्या रविवारी दुपारी ट्रेलराभोवती माणसं जेवत होती, अध्यक्षही होते. मावशीनं हात धुतले, पदर खोचला, शिडी लावली. पुट्टी फोडली, चिंध्या ओढल्या, बांबू उपसला. झेंडा सोडवून नीट घडी घातली, छातीशी धरून खाली उतरली आणि ट्रेलराच्या दाराच्या चौकटीला, माणसाच्या डोक्याच्या वर, बांधला. तेवढ्यात आत सिंकनं असा ढेकर दिला की पंगतीतल्या दोघांनी एकमेकांकडं संशयानं पाहिलं. उभं पाणी सरसर उतरलं.

अध्यक्ष अर्ध्या भाकरीवरून उठले. "विचारून काढला का?"

"अध्यक्ष, तुम्ही विचारून घातला व्हता का?"

पंगत हसली. ठराव त्या हसण्यावर झाला, झेंड्यावर नाही. मी तिथं होतो, मला माहीत आहे. त्याच संध्याकाळी छावणीत बहिष्कार मंजूर झाला आणि पत्रक लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी नाही म्हणालो तर म्हणाले, शिस्त पाळ. बहिष्कार हा शब्द काय आहे हे ज्यांच्या आज्या-पणज्यांनी भोगलं, त्यांनी तो आपल्याच बाईवर टाकायचा, आणि शिस्त मी पाळायची?

वास गेला. मालकाचं तोंड बंद झालं, जागा राहिली. पण आपल्या बसगाड्या आता तिच्यासमोर थांबत नाहीत. हात दाखवला तर ड्रायव्हर वेग वाढवतात. ती भाकरी थापते आणि उरलेली कुत्र्यांना घालते.

ठरावात 'समस्त समाजाच्या वतीनं' असं लिहिलंय. म्हणजे तुम्ही त्या खोलीत होता की नव्हता, याला अर्थ नाही. तुमचाही हात त्यात वर आहे. तो खाली घ्या. पुढच्या वेळी लेण्यांना जाल तेव्हा बस फर्दापूरला थांबवायला लावा. उतरा, तिच्याकडं जेवा, ताट स्वतः त्या सिंकमध्ये धुवा, आणि तिच्या तोंडावर सांगा की हा बहिष्कार माझ्या वतीनं नव्हता.